खानदेश गॅझेटियर : दुष्काळाचें पान आणि तापाचें पान

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, म्हणजे खानदेशचा खंड, जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं १८८० सालीं प्रसिद्ध झाला. त्याला आतां दीडशें वर्षें होत आलीं. या अवधींत १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेशचा पुढें धुळें जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ रोजीं त्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. तरी या मुलखाविषयीं कोणी कांहीं लिहावयास बसला कीं पहिला हात याच खंडाकडे जातो. ज्या संग्राहकांजवळ मूळ प्रत आहे ते ती कोणास हाताळूं देत नाहींत, आणि ज्यांच्याजवळ नाहीं ते तिच्या शोधांत असतात. प्रस्तुत लेखक दुसऱ्या वर्गांतला आहे. म्हणून पुढील टीका या ग्रंथाचे उपकार विसरून केलेली नाहीं, हें प्रारंभींच सांगून ठेवणें बरें.

या खंडांत दुष्काळांची हकीकत शेतीच्या प्रकरणांत येते आणि रोगराईची हकीकत आरोग्याच्या प्रकरणांत येते. दोहोंच्या मध्यें सावकारी, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल, न्याय, शिक्षण अशीं मोठमोठीं प्रकरणें पसरलेलीं आहेत. पहिल्या ठिकाणीं पाऊस कोणत्या सालीं पडला नाहीं व त्यामुळें महागाई कशी झाली हें वाचावयास मिळतें. दुसऱ्या ठिकाणीं सातपुड्याच्या पायथ्याचा मुलूख तापाचा आहे, बाहेरच्या माणसास तेथील हवा सोसत नाहीं, हें वाचावयास मिळतें. परंतु पहिल्या प्रकरणांत ज्याला धान्य मिळालें नाहीं तोच मनुष्य दुसऱ्या प्रकरणांत तापानें मेला, ही गोष्ट वाचकाच्या ध्यानांत येईल अशी सोय ग्रंथांत कोठेंही नाहीं.

ही केवळ मांडणीची बाब आहे असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. प्रकरणांची वांटणी हीच येथें कार्यकारणभावाचें मत बनून बसली आहे. दुष्काळ शेतीकडे घातला, म्हणजे तो पावसाचा व पिकाचा दोष ठरला. ताप आरोग्याकडे घातला, म्हणजे तो हवेचा व जंगलाचा दोष ठरला. मधल्या मनुष्याचें पोट कोणत्याच प्रकरणांत आलें नाहीं. त्याच्या स्वभावाविषयीं मात्र लोकवर्णनाच्या प्रकरणांत भरपूर लिहिलें आहे, आणि भिल्लांविषयीं लिहितांना दारूचा व बेफिकिरीचा उल्लेख इतक्या वेळां होतो कीं त्यांच्या दैन्याचें मूळ त्यांतच असावें असा ग्रह नकळत होऊन जातो.

मूळ दोष संपादकाच्या आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गांवोगांव मृत्यूंची नोंद होऊं लागली, तेव्हां तिचीं सदरें ठरलेलीं होतीं : पटकी, देवी, ताप, हगवण व आंव, अपघात, आणि इतर. पुढें प्लेग आला तेव्हां त्याचें सदर वाढलें. भूक हें सदर कधींच नव्हतें. गांवकामगार पाटील वैद्य नव्हता; मेलेल्या माणसाच्या अंगाला कढत लागलें होतें काय, एवढेंच त्याला विचारतां येई. होतें असें उत्तर आलें कीं ताप. नव्हतें असें आलें तर इतर. अशा नोंदींची बेरीज मामलेदाराकडे, तेथून कलेक्टराकडे व तेथून छापखान्याकडे गेली, आणि छापून आल्यावर ती आम्हांला अस्सल साधन म्हणून पूज्य झाली. बखरीच्या एकेका वाक्यावर संशय घेणारे आमच्यांतले चिकित्सक लोक छापील तक्त्यापुढें असे हात कां जोडतात, हें कोडें मला अद्यापि सुटलेलें नाहीं.

आमच्या जुन्या शास्त्रकारांची दृष्टि या बाबतींत कशी होती हें पाहण्यासारखें आहे. संस्कृतांतील 'दुर्भिक्ष' शब्दाची व्युत्पत्ति सर्वांस ठाऊक आहे : भिक्षा मिळणें कठीण झालें असा काळ. म्हणजे हा शब्द याचकाच्या बाजूनें घडलेला आहे. जेथें मागणारा आहे व देणारा आहे अशा नगराचा किंवा गांवाचा तो शब्द आहे. सातपुड्यांतील पाड्यावर भिक्षा मागण्याची चाल नाहीं. तेथें उपाशी मनुष्य दाराशीं येऊन उभा राहत नाहीं, रानांत जातो. तेव्हां त्याचें दुर्भिक्ष या शब्दांत मावत नाहीं आणि लेखकाच्या दृष्टीसही पडत नाहीं.

कौटिल्यानें चौथ्या अधिकरणांत जीं आठ दैवी महाभयें सांगितलीं आहेत त्यांत व्याधि आणि दुर्भिक्ष हीं वेगवेगळीं मोजलीं आहेत. पुढें आठव्या अधिकरणांत दोहोंपैकीं अधिक घातक कोणतें असा वाद उपस्थित करून तो पूर्वाचार्यांचें मत खोडून काढतो. व्याधि एखाद्या भागास पीडा देतो व त्यावर उपाय चालतो. दुर्भिक्ष साऱ्या देशास पीडा देऊन प्राण्यांचें जगणेंच तोडतें, असा त्याचा निकाल आहे. निकाल योग्य आहे. पण दोन पीडा तराजूच्या दोन पारड्यांत घातल्यामुळें एक दुसरीला जन्म देते हें त्याच्याही हातून निसटलें आहे. चरकाच्या विमानस्थानांतील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय या दृष्टीनें अधिक खोल जातो. वायु, उदक, देश व काल हीं चार बिघडलीं म्हणजे निरनिराळ्या प्रकृतीचीं माणसें एकाच वेळीं एकाच रोगानें कशीं मरतात, हा तेथील प्रश्न आहे. चारांत अन्नाचें नांव नाहीं म्हणून घाईनें पान उलटूं नये. त्याच अध्यायांत पुढें असा क्रम सांगितला आहे कीं राज्यकर्त्यांच्या अधर्मामुळें पाऊस वेळेवर पडत नाहीं, भूमि बिघडते, पाणी आटतें, ओषधि आपला स्वभाव सोडतात, आणि मग स्पर्शाच्या व खाण्याच्या दोषानें जनपदें नष्ट होतात. ओषधि म्हणजे फळ पिकतांच जी वाळून जाते ती वनस्पति; भात, जव, गहूं हीं सर्व त्याच वर्गांत येतात. तेव्हां पावसापासून धान्यापर्यंत आणि धान्यापासून मरणापर्यंत एकच सांखळी या वैद्यानें जोडली आहे, व तिच्या मुळाशीं राज्यकर्त्याला बसविलें आहे. कॅम्बेलच्या गॅझेटियरांत त्या सांखळीच्या सर्व कड्या आहेत. फक्त त्या एकमेकींत अडकविलेल्या नाहींत.

आतां खुद्द नंदुरबारासंबंधीचा पुरावा पाहूं. इ. स. १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघून दौलताबादेवरून खंबायतेकडे जातांना इब्न बतूता या गांवावरून गेला. येथील मराठे लोक कारागिरींत, वैद्यकांत व ज्योतिषांत निपुण आहेत, आणि त्यांचें अन्न म्हणजे भात, भाजीपाला व तिळाचें तेल, असें तो लिहितो. जीवहत्येचा त्यांना तिटकारा आहे असेंही त्यानें नोंदलें आहे. हा उतारा आमच्याकडे प्राचीन सुबत्तेचा दाखला म्हणून नेहमीं वापरला जातो. परंतु वर्णन बारकाईनें वाचावें. तें भात खाणाऱ्या, तिळाचें तेल वापरणाऱ्या, मांस वर्ज्य करणाऱ्या लोकांचें आहे. म्हणजे पेठेंतील ब्राह्मणक्षत्रियांचें व वाण्याउदम्यांचें आहे. नंदुरबारच्या उत्तरेस तापी ओलांडून गेल्यावर डोंगरांत जे लोक बर्टी, मोर, भादली, राळा असलीं भरड धान्यें पेरीत आणि तीं सरलीं म्हणजे मोहाचीं फुलें व कंद यांवर दिवस काढीत, त्यांचें ताट या प्रवाशानें पाहिलेलें नाहीं. तो ज्या रस्त्यानें गेला त्या रस्त्यावर तें नव्हतें. त्याच्याकडे दोष नाहीं; एका पेठेच्या ताटावरून साऱ्या मुलखाचें जेवण ठरविणाऱ्या आमच्याकडे आहे.

दुसरा साक्षी पीटर मंडी. हा इंग्रज कंपनीचा नोकर नोव्हेंबर १६३० मध्यें सुरतेहून आग्र्यास निघाला व नंदुरबारावरून बऱ्हाणपुराकडे गेला. त्याची रोजनिशी हॅक्लूट सोसायटीनें रिचर्ड टेंपल यांच्या टीपांसह १९१४ सालीं छापली. तेव्हां कॅम्बेलनें ती पाहिली नाहीं हा त्याचा अपराध नव्हे. मंडी सांगतो कीं नंदुरबाराभोंवतीं इतकीं प्रेतें पसरलीं होतीं कीं आपला लहानसा तंबू ठोकावयास जागा सांपडेना. सुरतेपासून बऱ्हाणपुरापर्यंतचा रस्ता प्रेतांनीं भरलेला होता, गांवांजवळ दुर्गंधि असह्य होई, आणि मेलेल्यांना पाय धरून उघडेंच गांवाबाहेर ओढून टाकीत. वाटसरूंच्या घोड्याबैलांच्या शेणांतून न पचलेले दाणे वेंचून खाणारीं माणसें त्यानें डोळ्यांनीं पाहिलीं. ज्या गांवच्या भात, भाजी व तिळाच्या तेलाचें वर्णन तीनशें वर्षांपूर्वीं झालें होतें तेंच हें गांव. मंडी कांहीं दयेचा पुतळा नव्हता. तो हिशेबी मनुष्य होता, आणि त्याचें लिहिणेंही हिशेबी आहे. म्हणूनच तें विश्वासार्ह वाटतें.

याच दुष्काळाचा दरबारी वृत्तांत अब्दुल हमीद लाहोरीच्या पादशाहनाम्यांत आहे. शाहजहान त्या वेळीं बऱ्हाणपुरांत तळ देऊन होता. पिठांत हाडांची पूड मिसळून विकली गेली, बोकडाच्या मांसाच्या नांवाखालीं कुत्र्याचें मांस विकलें गेलें, असें खुद्द दरबारचा लेखक लिहितो. यावरून परिस्थिति लपविण्यापलीकडे गेली होती हें उघड आहे. मग उपाय येतात : लंगरखाने उघडले, दर सोमवारीं पांच हजार रुपये प्रमाणें वीस सोमवारांत एक लाख रुपये वांटले, आणि खालशाच्या मुलखांत सुमारें सत्तर लाखांची सूट दिली. एलियट-डौसन यांचें यासंबंधींचें भाषांतर १८७७ सालीं प्रसिद्ध झालें होतें, म्हणजे गॅझेटियरच्या आधीं तीन वर्षें. सूट मिळते ती सारा देणाऱ्याला. ज्याच्या नांवावर जमीन नाहीं, ज्याचें शेत म्हणजे डोंगरउतारावरचा जाळून साफ केलेला तुकडा, त्याला सत्तर लाखांतील एक कवडीही कोणत्या वाटेनें पोंचली असेल, हें मला कांहीं केल्या दिसत नाहीं.

पुढचा भाग आरोग्याच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे आणि तोच बहुधा वगळला जातो. १६३१ सालीं पाऊस पडला, इतका पडला कीं पिकें वाहून गेलीं, आणि पाठोपाठ सुरतेच्या बाजूस तापाची सांथ पसरली. सुरतेच्या इंग्रज वखारीचा अध्यक्ष टॉमस रॅस्टेल त्याच वर्षीं मेला. वखारवाल्यांच्या पोटांत अन्न होतें, तरी ते मेले. मग ज्यांनीं दोन वर्षें पाला खाल्ला त्यांचें काय झालें असेल? दुष्काळ १६३० चा, मरण १६३१ चें, आणि इतिहासकाराच्या सनावळींत दोन वेगळीं कलमें. मोडीच्या कागदांत अशी फूट नेहमीं आढळते, आणि सांधण्याचें काम संशोधकाचें असतें.

१८०२ ते १८०४ च्या दुष्काळाविषयीं येथें थोडेंच लिहितों, कारण होळकरी धामधूम व ओसाड गांवें यांचें वर्णन गॅझेटियरनें ठीक केलें आहे. शहाद्याजवळचें सुलतानपूर, जें एका काळीं परगण्याचें ठाणें होतें, तें त्या शतकाच्या आरंभींच्या उलथापालथींत उजाड झालें. लढाईनें ओसाड पडलेलें गांव पुढें रानानें व्यापलें जातें, आणि त्या रानाला इंग्रज अधिकारी तापाचें घर म्हणून ओळखूं लागतात, हा क्रम मात्र लक्षांत ठेवावा. माणसें तापामुळें गेलीं कीं माणसें गेल्यामुळें ताप आला, याचा निवाडा करण्यापूर्वीं सनावळी पाहावी.

गॅझेटियरच्या छपाईनंतर वीस वर्षांनीं छप्पन्या आला. या नांवाविषयीं एक गोष्ट सांगतों. १८९९-१९०० चा हा दुष्काळ विक्रम संवत १९५६ चा, म्हणून छप्पन्या. घाटावर शालिवाहन शक चालतो व त्या हिशेबानें तें साल १८२१ चें. तेव्हां खानदेशांत हें नांव गुजराथेकडून वाण्याच्या चोपडीबरोबर आलें असावें असें अनुमान होतें. दुष्काळाचें नांव सावकाराच्या सालानें पडावें, यांत आश्चर्य करण्यासारखें कांहीं नाहीं. ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग सुरतेहून नंदुरबार-अमळनेराकडे याच सुमारास पुरा झाला. धान्य नंदुरबारच्या स्टेशनापर्यंत येऊं शकत होतें. अक्राणींत चढून जाऊं शकत नव्हतें. भिल्ल लोक सरकारी दुष्काळी कामांवर येण्यास प्रारंभीं कचरले, असें पंचमहालाविषयीं त्या काळीं नमूद झालें आहे. सातपुड्यांत निराळें घडलें असण्याचें कारण दिसत नाहीं. जे गुजराथेकडील कामांवर आले त्यांना १९०० च्या उन्हाळ्यांत छावण्यांतील पटकीनें गांठलें, आणि त्या पावसाळ्यानंतर इलाखाभर तापाची लाट आली. पुनः तोच क्रम : दुष्काळ, पाऊस, ताप. मृत्यूच्या तक्त्यांत मोठा आंकडा पडला तो तापाच्या सदरांत.

हा क्रम योगायोगाचा नाहीं, हें पुढें एका लष्करी डॉक्टरानेंच दाखविलें. १९०८ च्या पंजाबांतील भयंकर हिवतापाची चौकशी करून एस. आर. क्रिस्टोफर्स यांनीं १९११ सालीं जो अहवाल दिला त्यांत पर्जन्यमानाबरोबर धान्याचे भावही मांडले आहेत. पावसाबरोबर डांस वाढतात व ताप येतो, पण तो ताप हजारोंचे प्राण घेतो कीं नाहीं हें त्यापूर्वींच्या महागाईवर अवलंबून असतें, असा त्या मांडणीचा अर्थ आहे. पुढें १९६८ सालीं स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन यांनीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत हीच गोष्ट सर्व रोगांना लावून दाखविली : उपासानें शरीराची रोगाला अडविण्याची शक्ति जाते, रोगानें खाल्लेलें अंगीं लागत नाहीं, आणि दोहोंचें चक्र विशेषतः लहान मुलाला संपवितें. गोंवर, हगवण, खोकला हीं निमित्तें ठरतात. वैद्यकांतलें अधिक सांगण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु साधनांची परीक्षा करणाऱ्यास एवढें पुरेसें आहे : भावाचा तक्ता व तापाचा तक्ता शेजारीं ठेवल्यावांचून दोहोंपैकीं एकाचाही अर्थ लागत नाहीं.

आजच्या नंदुरबारांत दुष्काळ पडत नाहीं; म्हणजे रस्त्यावर प्रेतें दिसत नाहींत. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें जिल्ह्याची वस्ती साडेसोळा लाखांच्या आंत-बाहेर असून तींत शेंकडा सुमारें ६९ आदिवासी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत जिल्ह्यांतील पांच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालकें वयाच्या मानानें कमी वजनाचीं आढळलीं. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, अंगणवाड्या आहेत, गरोदर स्त्रियांना एक वेळचें पुरें जेवण देण्याची अमृत आहार योजना आहे. कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं गुजराथेंत जातात, तेव्हां शिधापत्रिका गांवीं राहते व मूल उसाच्या फडांत. आणि मृत्यूच्या नोंदीचें काय? २००१ मध्यें राज्यांतील सेवाभावी संस्थांनीं मिळून केलेल्या 'कोवळी पानगळ' या पाहणीनें दाखविलें कीं प्रत्यक्षांत होणाऱ्या बालमृत्यूंच्या मानानें सरकारी दप्तरांत फारच थोडे चढतात. विचित्र गोष्ट अशी कीं जिवंत माणसास आधार क्रमांक देण्याचें देशांतील पहिलें कार्य याच जिल्ह्यांत, शहादें तालुक्यांतील टेंभली गांवीं, २९ सप्टेंबर २०१० रोजीं झालें. जिवंतांची मोजणी बोटांच्या ठशांपर्यंत गेली. मेलेल्यांचें सदर अजून कॅम्बेलच्याच काळांतलें आहे.

दुसऱ्याच्या नोंदीवर टीका करणाऱ्यानें स्वतःची नोंदही वाचकांपुढें ठेवावी. मीं सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेंत तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत व मराठी शिकविलें. आषाढ-श्रावणांत डोंगरांतल्या मुलांची हजेरी पडत असे. गैरहजेरीचें कारण लिहिण्याचा परिपाठ होता, आणि मीं 'ताप' असें लिहीत असें. कारण मुलें तेंच सांगत व तें खोटेंही नसे. पुढें एकदां एका मुलाच्या आजीनें सहज बोलतां बोलतां सांगितलें कीं घरांतलें दाणे ज्येष्ठांतच सरले होते, आणि पोरगा रानभाजी खाऊन हिंडत होता, ताप त्यानंतरचा. मीं हजेरीपटांत दुरुस्ती केली नाहीं. 'दाणे सरले' हें कारण कोणत्या रकान्यांत घालावें तें मला समजेना. पन्नास वर्षांनंतर कोणी अभ्यासक ते हजेरीपट उघडील तर त्याला एवढेंच कळेल कीं त्या भागांत पावसाळ्यांत तापाचा जोर असे, आणि तो कॅम्बेलच्या वाक्याला माझ्या अक्षराचा दुजोरा जोडील.

म्हणून संग्राहकांस एक विनंति आहे. नंदुरबार, तळोदें, शहादें येथील जुन्या घरांत ज्या वाण्यांच्या चोपड्या व वैद्यांचीं बाडें सांपडतात, त्यांना राजकीय महत्त्व नाहीं म्हणून आपण त्या बाजूस टाकतों. चोपडींत बियाण्याची व खावटीची उचल कोणत्या महिन्यांत वाढली, आणि त्याच सालच्या बाडांत कोणत्या महिन्यांत काढ्याचीं नांवें अधिक आलीं, हें कोणी ताडून पाहिल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. खावटी हा शब्द तेवढा नीट टिपावा. पेरणीचें कर्ज निराळें, आणि खाण्यापुरतें दाणे उसने आणणें निराळें. कांहीं चोपड्यांत दोन्ही एकाच खातीं घातलेलीं असतात, आणि तेथें महिना पाहूनच भेद करावा लागतो.

शेवटीं एक लहानशी दुरुस्ती. मंडीच्या रोजनिशींतील तारखा इंग्रजांच्या त्या काळच्या जुन्या पद्धतीच्या आहेत. जंत्रीवरून तिथि काढणारांनीं त्यांत दहा दिवस मिळवावे. तसें न केल्यास पक्ष चुकण्याचा संभव आहे. या हिशेबानें त्याचा नंदुरबारचा मुक्काम नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत येतो, म्हणजे एरवीं जेव्हां खरीपाचें पीक खळ्यावर आलेलें असतें त्या दिवसांत.